फिर्याद देण्याआधी एक रात्र जाऊ द्या



कृषी विस्ताराच्या कामात माझी बरीच वर्षे गावोगावच्या पारावर बसण्यात गेली. बियाणे, खते, फवारणी यांच्या गोष्टी केल्या. बांधावरून होणारी भांडणे पाहिली, विहिरीच्या पाळीवरून होणारीही पाहिली. अलीकडे मात्र पारावर तिसऱ्याच भांडणाची चर्चा जास्त ऐकू येते. कोणी मोबाइलवर कसलेसे चित्र टाकले, कोणी देवाविषयी किंवा महापुरुषाविषयी वाकडे बोलले, कोणाच्या प्रार्थनेच्या वेळी कोणाची वाजंत्री वाजली, आणि मग "आमच्या भावना दुखावल्या" म्हणून पन्नास माणसे पोलीस ठाण्याच्या दारात. दुसऱ्या दिवशी पेरणी असो की काढणी, दोन्ही बाजूंची कर्ती माणसे तालुक्याला.

तुम्ही म्हणाल, पिकांची माहिती सांगणाऱ्याने कायद्याच्या गोष्टीत का पडावे? उत्तर सोपे आहे. बांधाच्या दाव्यात फार तर जमिनीची पट्टी जाते. या दाव्यात घरातल्या तरुण मुलाची नोकरी जाऊ शकते आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार तुटू शकतो. ज्या घरात औत-पाभर चालते त्या घराला हे परवडणारे नाही. म्हणून धर्माविषयी बोलण्या-लिहिण्यावरून आणि वाजवण्यावरून जे खटले होतात, त्यांच्याबद्दलचा कायदा नेमका काय आहे, ते आज आपण समजून घेऊ.

हे कलम आले कुठून?

इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली. तिच्यात धर्माविषयीच्या गुन्ह्यांचे एक लहानसे प्रकरण होते. देवस्थानाची मोडतोड, चालू पूजाअर्चेत अडथळा, स्मशान-दफनभूमीची विटंबना आणि समोरच्याला ऐकू जाईल असे मुद्दाम टोचून बोलणे, एवढेच त्यात होते. छापील पुस्तकाने एखाद्या धर्माचा अपमान केला तर काय करायचे, याचे सरळ उत्तर त्यात नव्हते.

१९२४ साली लाहोरला इस्लामच्या पैगंबरांची कुचेष्टा करणारी एक पुस्तिका निघाली. लेखकाचे नाव तिच्यावर नव्हते. राजपाल नावाच्या प्रकाशकावर खटला झाला. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, पण १९२७ साली लाहोरच्या उच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. दोन समाजांत वैर पसरवण्याविषयीचे जे कलम त्या वेळी होते, ते होऊन गेलेल्या धर्मपुरुषावरच्या टीकेला लागू पडत नाही, असे न्यायालयाने सांगितले. लोक खवळले. त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळाने दंड संहितेत २९५ अ हे नवे कलम घातले.

त्या चर्चेत मुंबईचे प्रतिनिधी बॅरिस्टर जिना यांनी एक इशारा दिला होता. इतिहास लिहिणारा किंवा प्रामाणिकपणे धर्माची चिकित्सा करणारा माणूस या कलमाच्या जाळ्यात सापडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. कलमाच्या शब्दांतही ही काळजी दिसते. ती कशी, हे पुढे पाहू.

कायदा झाला, पण राग विझला नाही. १९२९ साली राजपाल यांचा त्यांच्या दुकानातच खून झाला, आणि खून करणारा तरुण फासावर गेला. एका पुस्तिकेपायी दोन घरे बसली. कायदा शब्दाला कुंपण घालू शकतो, पण मनात पेटलेले विझवणे त्याच्या हाती नसते. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी जितकी खरी होती तितकीच आजही आहे.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुने २९५ अ आता कलम २९९ झाले आहे. शिक्षा पूर्वीचीच, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. एक गोष्ट नव्याने स्पष्ट झाली आहे. बोललेला शब्द, लिहिलेला शब्द, खूण, चित्र यांच्या जोडीला आता 'इलेक्ट्रॉनिक साधन' असे शब्द कलमात आले आहेत. म्हणजे मुलाच्या हातातला मोबाइल सरळ कायद्याच्या अक्षरांत बसला आहे.

आता कलमाचे मर्म पाहा. धर्माचा किंवा श्रद्धेचा अपमान एवढ्यावर गुन्हा होत नाही. तो अपमान बुद्धिपुरस्सर, म्हणजे जाणूनबुजून केलेला असावा लागतो. शिवाय दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो. आणि एखाद्या एकट्या माणसाच्या नव्हे, तर नागरिकांच्या एखाद्या वर्गाच्या धर्मभावना भडकवण्यासाठी केलेला असावा लागतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर गुन्हा. एक जरी नसली तरी कलम लागू पडत नाही.

१९५७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे हे कलम तपासले गेले. 'गोरक्षक' नावाच्या मासिकाच्या संपादकांना त्यातल्या मजकुरावरून शिक्षा झाली होती. हे कलमच घटनेविरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने कलम वैध ठरवले, पण सोबत त्याची हद्दही आखून दिली. नकळत, निष्काळजीपणाने किंवा दुष्ट हेतू नसताना झालेला अपमान या कलमात येत नाही. फक्त जाणूनबुजून केलेला उग्र स्वरूपाचा अपमानच येतो, असे न्यायालयाने सांगितले.

थोडक्यात सांगायचे तर, भावना किती दुखावली हे कायदा मोजत नाही. करणाऱ्याचा हेतू काय होता, हे तो मोजतो. आपल्यापैकी बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. "मला वाईट वाटले, म्हणजे गुन्हा झालाच" असे आपण धरून चालतो.

याच कुळातली आणखी चार कलमे

कलम २९८: कोणत्याही धर्माचे प्रार्थनास्थळ किंवा पवित्र वस्तू अपमानाच्या हेतूने फोडणे, नासवणे. दोन वर्षांपर्यंत कैद.

कलम ३००: रीतसर चाललेल्या पूजेत, भजनात, नमाजात, प्रार्थनेत मुद्दाम व्यत्यय आणणे. एक वर्षापर्यंत.

कलम ३०१: कोणाच्या भावना दुखावण्यासाठी प्रार्थनास्थळात, स्मशानात, दफनभूमीत घुसणे, प्रेताची विटंबना करणे, अंत्यविधीत अडथळा आणणे. एक वर्षापर्यंत.

कलम ३०२: समोरच्या माणसाच्या धर्मभावना दुखावण्याच्या ठाम इराद्याने, त्याला ऐकू जाईल असे बोलणे किंवा दिसेल असे हावभाव करणे. एक वर्षापर्यंत. जुन्या संहितेत ३०२ म्हणजे खून असे आपल्या कानावर पक्के बसले आहे. नव्या संहितेत हा आकडा या कलमाला मिळाला आहे, म्हणून कागदावर ३०२ दिसले तर लगेच घाबरू नका. आधी संहिता नवी की जुनी ते पाहा.

याशिवाय समाजासमाजांत वैर पसरवण्याचे कलम आहे. ते जुने १५३ अ, आता १९६. त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि प्रार्थनास्थळात किंवा धार्मिक कार्यक्रमात तसे केले तर पाच वर्षांपर्यंत.

ही कलमे सगळ्या धर्मांना सारखीच लागू आहेत. आपल्या धर्माचा अपमान झाला तर ती आपल्या बाजूने आहेत आणि आपण दुसऱ्याच्या धर्माचा केला तर आपल्या विरुद्ध आहेत.

न्यायालय कोणत्या मापाने मोजते?

माप कोणते, यावर सगळा निकाल अवलंबून असतो. शब्दांचे माप कोणाच्या मनाने घ्यायचे? चटकन चिडणाऱ्याच्या, की विचारी माणसाच्या?

याचे उत्तर आपल्याच नागपुरात मिळाले आहे. १९४६ साली तिथल्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगितले की, शब्दांचा परिणाम समजूतदार, खंबीर आणि धीराच्या माणसावर काय होईल, यावरून मोजावा. कमकुवत आणि डळमळीत मनाच्या, किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसावरून मोजू नये.

हे माप पुढे कसे वापरले गेले ते पाहा. १९८८ साली दूरदर्शनवर 'तमस' ही मालिका लागली होती. गावात एकच संच आणि समोर सारी आळी, अशा काळात ती अनेकांनी पाहिली असेल. फाळणीच्या दंगलींची ती कथा. तिने धर्माधर्मांत वैर वाढेल, असे म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. दोन न्यायमूर्तींनी मालिका स्वतः बसून पाहिली आणि तीत गैर काही नाही असा निर्णय दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केले आणि न्यायमूर्ती बोस यांच्या मापाचा आधार घेतला. फिर्याद देणाऱ्यांनी आणि निर्णय देणाऱ्यांनी आधी वस्तू संपूर्ण पाहावी, हा त्यातला धडा.

क्रिकेटपटू महेंद्रसिंह धोनी यांचे चित्र २०१३ साली एका मासिकाने मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात छापले होते. त्यावरून दोन राज्यांत त्यांच्यावर खटले झाले. सर्वोच्च न्यायालयाने एक २०१६ साली आणि दुसरा २०१७ साली रद्द केला. दुष्ट हेतू कुठेच दिसत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. २०१८ साली एका मल्याळम चित्रपटातल्या गाण्यात नायिकेने डोळा मारला म्हणून गुन्हा नोंदला गेला होता, तोही याच न्यायालयाने रद्द केला.

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खासदाराने टाकलेल्या कवितेवरचा, गुजरातेत नोंदलेला गुन्हा रद्द करताना पुन्हा हेच माप सांगितले. म्हणजे शहाण्णव पायलीच्या गोण्या एकाच मापाने मोजाव्यात, तसे हे माप जवळजवळ ऐंशी वर्षे चालत आले आहे.

वाटेवरची तीन फाटके

या प्रकारचा खटला उभा राहण्यापूर्वी कायद्याने वाटेत काही फाटके ठेवली आहेत. ती फिर्याद देणाऱ्यालाही ठाऊक हवीत आणि ज्याच्यावर फिर्याद झाली त्यालाही.

पहिले फाटक चौकशीचे. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, वरिष्ठांच्या परवानगीने पोलीस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात. ती चौदा दिवसांत पुरी करायची असते. शब्दांवरून होणाऱ्या अशा गुन्ह्यांत ही चौकशी आधी करणे योग्य, असे न्यायालयाने २०२५ च्या त्याच निकालात म्हटले आहे.

दुसरे फाटक अटकेचे. कलम २९९ दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस अटक करू शकतात आणि जामीन कोर्टाकडून मिळवावा लागतो. पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक ही आपोआप होणारी गोष्ट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तसे बजावले आहे. अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी नोटीस देऊन हजर राहायला सांगायचे असते. नोटिशीप्रमाणे जो हजर राहतो, त्याला सहसा अटक होत नाही.

तिसरे फाटक सगळ्यांत मोठे, मंजुरीचे. कलम २९९ किंवा १९६ खालचा खटला राज्य सरकारच्या किंवा केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कोणत्याही न्यायालयाला दाखल करून घेता येत नाही. हे बंधन जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. कारण उघड आहे. धर्माच्या नावाने उठसूट कोणीही कोणाला कोर्टात ओढू लागला, तर न्याय दूर राहील आणि सूड तेवढा होईल. म्हणून सरकारने शांत डोक्याने कागद पाहावेत, अशी ही योजना.

मात्र फाटके असली तरी वाट लांबच. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले एक उदाहरण घ्या. तिथल्या एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांवर, काश्मीर आणि १४ ऑगस्ट या विषयांवरच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून, २०२२ साली १५३ अ कलमाखाली गुन्हा नोंदला गेला. विषय धर्माचा नव्हता, पण कलम याच कुळातले. मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो मार्च २०२४ मध्ये रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा नागरिकाला हक्क आहे असे सांगितले. शेवटी सुटका झाली, पण त्यासाठी हातकणंगले ते दिल्ली एवढी वाट तुडवावी लागली. आपल्यातल्या किती जणांना ती तुडवता येईल?

मागे न घेता येणारी फिर्याद

आता या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती बहुतेक गावकऱ्यांना ठाऊक नसते.

बोलाचालीचे जे कलम, म्हणजे आजचे ३०२, ते अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस त्याचा तपास करत नाहीत. ज्याच्या भावना दुखावल्या तो माणूस स्वतः समेट करून ते मिटवू शकतो. कलम २९९ चे तसे नाही. त्यात कायद्याने आपसात तडजोड ठेवलेली नाही. आज रागाने फिर्याद दिली, उद्या दोघांनी एका ताटात जेवण केले, तरी गुन्हा जागच्या जागी राहतो. तो रद्द करायचा तर उच्च न्यायालयात जावे लागते. म्हणजे वकील, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा कोल्हापूर, आणि हेलपाटे.

माझ्या कामाच्या भागातल्या एका गावात असे झाले. नाव-गाव सांगत नाही. आयटीआयला शिकणाऱ्या एका मुलाने आलेले चित्र रात्री पुढे ढकलले. चित्र त्याने काढले नव्हते, खालचा मजकूरही लिहिला नव्हता. सकाळी फिर्याद झाली. फिर्यादी कोण? ज्याच्याशी याच घराचा सावडीचा व्यवहार, पेरणीला एकाचा बैल आणि दुसऱ्याचा बैल असा ज्यांचा तीन पिढ्यांचा सांधा. दोन महिन्यांत दोन्हीकडचा राग उतरला. मुलाने जाऊन पाया पडून माफी मागितली, त्यांनीही उठवून जवळ घेतले. मग दोघे बाप मिळून ठाण्यात गेले आणि म्हणाले, "साहेब, आमचं मिटलं. कागद फाडून टाका." फौजदार म्हणाले, "तात्या, तुमचं मिटलं. कागदाचं नाही मिटत."

पुढे मुलाचा पोलीस भरतीचा अर्ज आला. त्यात 'तुमच्यावर गुन्हा दाखल आहे काय' असा रकाना असतो. खरे लिहिले तर अडचण, खोटे लिहिले तर दुसरा गुन्हा. त्याच्या आईने मला विचारले, "भाऊ, एका बोटानं एवढं होतं व्हय?" या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? होते, एवढेच म्हणालो. फिर्यादी बापालाही साक्षीसाठी बोलावणे येणारच आहे. तूर काढणीला आलेली असली तरी तारीख काही पुढे जात नाही.

भोंगा आणि मिरवणूक

खेड्यात चित्रापेक्षा आवाजावरून जास्त वाद होतात. त्याचा कायदा वेगळा आहे, आणि तो धर्म विचारत नाही.

घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. पण तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना धरून. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. त्यांप्रमाणे ध्वनिवर्धकाला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सण-उत्सवासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते, आणि ते दिवस आधी जाहीर होतात. वस्तीच्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र.

२००० साली चेन्नईच्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ध्वनिवर्धक लावून दुसऱ्याची शांतता मोडावी असे कोणताच धर्म सांगत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही, ध्वनिवर्धक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असा निर्णय दिला. मंदिर, मशीद, चर्च, विहार, सर्वांना एकच नियम.

यात माझ्या खात्याचीही एक गोष्ट जोडतो. दचकलेली गाय-म्हैस पान्हा चोरते. रात्रभर गोठ्याशेजारी कर्णा वाजला तर सकाळच्या धारेला दूध कमी येते, आणि जनावर कोणाचा कर्णा आहे हे पाहत नाही. परीक्षेच्या दिवसांत मुले, घरात आजारी माणूस, बाळंतीण, यांचेही तसेच.

आवाजाची तक्रार ही आवाजाचीच तक्रार म्हणून द्या. तिला धर्माच्या अपमानाचे रूप देऊ नका. पुष्कळदा मिरवणुकीची वेळ पाऊण तास पुढे-मागे केली तरी वाद मिटतो. ज्या गावांत पालखी आणि उरूस या दोन्हींची मंडळी महिनाभर आधी एकत्र बसून वेळा आणि वाटा लिहून काढतात, तिथे बंदोबस्ताची गरज पडत नाही. राज्यात २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्या जिथे जिवंत आहेत, तिथे हे काम त्यांच्याकडे द्यावे.

घरी आणि गावात काय करावे?

१. आलेले चित्र, मजकूर, चित्रफीत वाचल्याशिवाय पुढे पाठवू नये. "बघा यांनी काय केले" म्हणून पाठवणेसुद्धा पाठवणेच. तण उपटायला निघालेला माणूस पिशवीतून बी सांडत जावा, तसे ते होते. "मी नुसते पुढे पाठवले" हा बचाव दर वेळी चालेल असे समजू नका.

२. भगिनींनो, मुलाच्या हातात मोबाइल देताना ही दोन वाक्ये त्याला सांगा: दुसऱ्याच्या देवाची थट्टा आपल्या घरातून बाहेर जाणार नाही, आणि रात्री दहानंतर काहीही पुढे पाठवायचे नाही.

३. गट चालवणाऱ्यांसाठी: दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुराचा दोष, संगनमत नसेल तर, गटाच्या ॲडमिनवर येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितले आहे. तरी वाईट मजकूर दिसताच काढावा आणि टाकणाऱ्याला समज द्यावी.

४. राग आला तर एक रात्र जाऊ द्या. सकाळी तीन प्रश्न स्वतःला विचारा. हे जाणूनबुजून केले आहे का? दुष्ट हेतू दिसतो का? माफी मागून मिटण्यासारखे आहे का? मिटण्यासारखे असेल तर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बसवा.

५. खरोखरच विष कालवण्याचा डाव दिसला, तर गप्प बसू नका. पुरावा जपून ठेवा, लेखी फिर्याद द्या, प्रत मागून घ्या. ठाण्यात नोंद झाली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने कळवा, आणि तरी नाही झाले तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. पण जमाव घेऊन जाऊ नका. जमावातल्या एकाने दगड मारला तर फिर्यादी तोच आरोपी होतो.

६. आपल्या मुलावर फिर्याद झाली तर त्याला नातेवाइकांकडे लपवू नका. नोटिशीप्रमाणे हजर करा. मोबाइलमधले पुसून टाकू नका, पुरावा नष्ट करणे हा वेगळा गुन्हा आहे.

७. वकिलाला पैसे नसतील तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतर बहुतेकांना आपल्या राज्यात वार्षिक तीन लाखांपर्यंतची मर्यादा आहे. १५१०० या दूरध्वनीवर माहिती मिळते.

बंधूंनो, अपमान सोसावा असे मी म्हणत नाही. ज्याने मुद्दाम विष कालवले त्याच्यासाठी कायदा आहे, आणि तो वापरण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण पीक पिवळे पडले की आपण लगेच औषध मारत नाही. आधी पान उलटून पाहतो, कीड आहे की पाण्याचा ताण, आणि मगच पंप पाठीवर घेतो. अजाण पोराच्या चुकीवर आणि शेजाऱ्याच्या तोंडून निसटलेल्या शब्दावर जालीम औषध मारले, तर आपलेच रान जळते. फिर्यादीचा कागद उद्याही देता येतो. एकदा दिला की मात्र तो तुमचा राहत नाही, सरकारचा होतो.